मुकीची घंटी

बजाजनगर,
३ ऑगस्ट २०२५

चि. पुंडलिक यास,
वच्छलाअक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सोबत राखी पाठवली आहे. दरवर्षी मी सोयगावला येते, नाहीतर तू इकडं येतोस. पाकिटातून राखी जायची ही पहिलीच वेळ. प्रांजलीनं विचारलं की आजी, यंदा सोयगावला का नाही जायचं, तर गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. खरं कारण तुला ठाऊक आहे.

तूच म्हणालास की जुना फोन बिघडलाय, त्याच्यावर करू नको. नव्या नंबरावर मी रोज लावते आहे, पण कुणी उचलत नाही. तुझ्या सुनेला, सोनियाला, कळू द्यायचं नाही असं ठरलं, म्हणून तिलाही फोन करता येत नाही. माझ्या लेकाला, हनुमानला, आणि प्रांजलीलाही मी बोलले नाही. घरात दोन-दोन माणसं आणि पोटात ही गोष्ट, त्यामुळं जेवण गोड लागत नाही बघ. हे पाकीट सोनियानं फोडलं तर तिला उमगू नये म्हणून जपून लिहिते. जे मागितलं होतंस ते पोचलं का, आणि ज्याच्यासाठी मागितलं होतंस ते नीट पार पडलं का, एवढं दोन ओळींत कळव.

तुझा आवाज लई बसला होता रे. तेव्हापासून कानातून जात नाही.

अशी पत्रं मी तुला पूर्वी रानातल्या मेंढरांच्या वाड्यावरून लिहायची, तू वसतिगृहात होतास तेव्हा. मेंढरं शेतात बसवलेली असायची आणि मी जात्याच्या पाळीवर कागद ठेवून लिहायची. तू उत्तरात लिहायचास की अक्का, तुझी अक्षरं मेंढरासारखी ओळ सोडून चरायला जातात. अजून तशीच जातात. वळून घे आणि वाच.

सोनियाला आशीर्वाद सांग. तब्येत सांभाळ आणि या बहिणीवर जीव असू दे.

तुझी,
वच्छलाअक्का


सोयगाव,
९ ऑगस्ट २०२५

ती. अक्का,
सा. न. वि. वि.

राखी बरोबर आजच पोचली. एका हातानं आणि दातानं गाठ मारून मी ती बांधलीसुद्धा. पोस्टमन म्हणाला की गुरुजी, आता पाकीट म्हटलं की नोटीस, नाहीतर राखी. मला राखी आली म्हणून मी त्याला चहा पाजला.

मग पत्र वाचलं आणि चहा तसाच राहिला. अक्का, मी तुला फोन केलेला नाही. माझा फोन बिघडलेला नाही, माझा आवाज बसलेला नव्हता आणि मी तुझ्याकडं काही मागितलेलं नाही. मी धडधाकट आहे आणि सकाळी पोहे खाल्ले आहेत. माझं नाव सांगून दुसराच कुणीतरी तुझ्याशी बोलला.

हे सांगायला मी लगेच फोन लावला, तर तू काय केलंस? माझं सगळं ऐकून घेतलंस, मग विचारलंस की खरा पुंडलिक कोणता, आधीचा का आत्ताचा. मी उत्तर द्यायच्या आत फोन ठेवलास आणि बंदच करून टाकलास. मला राग आला नाही, हसूही आलं नाही. पायरीवर बसून राहिलो. मग प्रांजलीला फोन करून सगळं सांगितलं. तुझं गुपित फोडलं, त्याबद्दल माफ कर, पण असली गुपितं चोराच्याच कामाची असतात. पोरीनं एका शब्दानं प्रश्न न विचारता तुझ्या खात्यातून गेलेले पैसे शोधले, १९३० या सायबर पोलिसांच्या नंबरावर तक्रार केली आणि बँकेलाही कळवलं. आठवडा उलटून गेलाय, काय हाती लागतं ते बघू. पैशाचं मनाला लावून घेऊ नको.

फोनवर तुझा विश्वास नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. माझं अक्षर तुला पाठ आहे. आवाज काढणारे पुष्कळ असतील, पण चाळीस वर्षं फळ्यावर खडू घासून झालेलं हे अक्षर चोराच्या बापाला जमायचं नाही. फोन चालू कर. एकदा मला हाक मार, म्हणजे मला झोप येईल.

लोभ आहे तो आहेच. फोन बंद असला तरी तो चालू ठेव.

तुझा,
पुंडलिक (खरा)


बजाजनगर,
२० ऑगस्ट २०२५

सोयगावच्या आजोबांना,
प्रांजलीचा शि. सा. नमस्कार.

पहिल्यांदाच कुणाला पत्र लिहितेय. चार ओळींतच बोटं दुखायला लागली, तुम्ही लोक कसं करायचात कोण जाणे. पण आजीच्या समोर मी फोनवर बोलले की ती उठून आत जाते, म्हणून म्हटलं तुमच्याच पद्धतीनं लिहावं.

आजीनं तिचा फोन ज्वारीच्या डब्यात ठेवलाय. खोटं नाही सांगत. एकदा मीच तो चालू करून बाहेर ठेवला, तर संध्याकाळपर्यंत परत डब्यात, वरून ज्वारी. परवा तुमचा फोन आला तेव्हा डबा वाजत होता आणि आजी शेजारी बसून भाजी निवडत होती. पप्पांचाही उचलत नाही. पप्पा शिफ्टवरून फोन करून थकले. माझा तर नाहीच.

पप्पा पहिल्या दिवशी तिच्यावर ओरडले. तुझ्याकडून फोन काढून घेतो, बँकेचं सगळं मीच बघतो, असं बोलून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना वाईट वाटलं आणि त्यांनी स्वतःहून आजीला सांगितलं की मागच्या महिन्यात गाडीचं चलान भरा म्हणून त्यांना मेसेज आला होता आणि त्यांनीही ती फाइल उघडली असती, कंपनीत लाइनवर सायरन झाला म्हणून राहिलं. मग मी आजीला सगळं समजावलं. आज रात्री वीज कापणार म्हणून मेसेज येतो. पार्सल अडकलंय म्हणून येतो. ओळख नसलेल्याच्या लग्नाची पत्रिका येते आणि ती उघडली की अख्खा फोन त्यांच्या हातात जातो. कुणी पोलीस म्हणून व्हिडिओवर बसवून ठेवतात आणि खोलीतून हलू देत नाहीत. सगळ्यांचं सोंग वेगळं, पण दोन गोष्टी सारख्याच असतात. आत्ताच्या आत्ता कर म्हणतात, आणि कुणाला सांगू नको म्हणतात. हे दोन शब्द ऐकले की फोन ठेवायचा, आणि आपल्या माणसाला त्याच्या जुन्या नंबरावर आपण लावायचा. नवीन नंबर चोरानंच दिलेला असतो ना, मग त्याच्यावर तोच बोलणार.

आजीनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, बरंय. पण फोन डब्यातच. पैसे थोडे अडकवून ठेवलेत असं बँक म्हणते, मिळतील तेव्हा खरे. ते सांगितल्यावरही तिला काही वाटलं नाही. पैशाचं दुःख नाही म्हणते, दुसरंच आहे म्हणते, आणि सांगत नाही. तुम्हाला सांगेल. तुम्ही विचारा.

बोटं गेली. माया ठेवा आणि उत्तर मात्र व्हॉट्सअॅपवर दिलं तरी चालेल.

तुमची नात,
प्रांजली


बजाजनगर,
२९ ऑगस्ट २०२५

चि. पुंडलिक यास,
अ. उ. आ.

महालक्ष्म्या दोन दिवसांवर आल्या आहेत, घरभर पसारा आहे. प्रांजलीनं तुला लिहिलं हे मला कळलं, टपालाचं तिकीट मागायला ती माझ्याकडंच आली होती.

दुसरंच काय ते सांगते. तो फोनवर एवढंच म्हणाला, अक्का, ओळखलं का. एवढंच. बाकी सगळं मीच सांगितलं रे. मीच म्हणाले, कोण रं, पुंडलिक का? तो म्हणाला, व्हय अक्का. मीच म्हणाले, आवाज का बसला, दवाखान्यात आहेस का? तो म्हणाला, व्हय. घरच्यांना सांगू नको म्हणाला, तर मी म्हणाले, सोनियाला ना, नाही सांगत, ती घाबरट आहे. त्याच्याजवळ काही नव्हतं. मी एकेक वस्तू त्याच्या झोळीत टाकत गेले आणि तो व्हय व्हय म्हणत गेला. मग भाजीवाल्याला फोनवरून पाठवते तसे पैसे पाठवले. तुझ्या दाजींच्या माघारी मेंढरं विकली त्यातले होते. गेले ते गेले.

का नाव घेतलं, हे हनुमानला समजत नाही. तुला समजेल. वेताळवाडीच्या डोंगरात त्या अंगाला एकाची मेंढरं, या अंगाला आपली. तिकडून हाक आली की इकडून नाव घेऊनच ओ द्यायची. कोण आहे म्हणून विचारलं तर माणूस परका केल्यासारखं व्हायचं. मायनं एकदा कडुबाकाकाला, सख्ख्या चुलत्याला, कोण ते, म्हणून विचारलं तर तो दिवाळीपर्यंत आपल्याकडं जेवला नव्हता. तू लहान होतास, मला आठवतं, माय त्याच्यासाठी पुरणाची पोळी झाकून ठेवायची आणि तो लांबूनच जायचा. माझ्या जिभेला ती सवय आहे. आवाज आला की नाव घ्यायचं.

आणि अंधारात आपल्या दोनशे मेंढरांतली कुठली ओरडली ते मी अंथरुणातून सांगायची. आबा पैज लावायचे. ती मी, परक्या माणसाच्या आवाजाला भाऊ म्हणाले. पैसे जाऊ देत, पण मला तुझा आवाज ओळखता आला नाही, हे मला सोसत नाही पुंडलिक. आता तू फोन केलास तर मी काय करू? नाव घेतलं तर चोर असायचा, आणि तू कोण म्हणून विचारलं तर तू परका व्हायचास. त्यापेक्षा डबा बरा.

पत्र लिहीत जा. सोनियाला माझा आशीर्वाद. माझ्यावर रुसू नको, एवढं मागते.

तुझी,
वच्छलाअक्का


सोयगाव,
७ सप्टेंबर २०२५

ती. अक्का,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. अक्षरं या वेळी फारच लांब चरायला गेली होती, दोन जागी कागद ओला झालेला दिसला. मीही इथं थोडा ओला केला, तेव्हा फिट्टंफाट.

पण अक्का, तू कडुबाकाका अर्धाच सांगितलास. तो फुगला होता ते खरं, पण त्याच उन्हाळ्यात आबा वाडा घेऊन करमाडच्या बाजूला होते. आता जिथं शेंद्र्याचे कारखाने आहेत तिथं सगळी रानं होती आणि शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घ्यायचे. वाड्यावरची ज्वारी संपली की आबा कुणाला तरी घराकडं पाठवायचे, आणि आलेल्या माणसाला माय आधी पाणी, मग भाकरी-कोरड्यास वाढायची. त्याला नावगाव विचारायची नाही. पण कणगीचं तोंड उघडायच्या आधी विचारायची की खूण सांगा. आबा निघताना दोघांनी समोरासमोर बसून ठरवलेली असायची, दर साली नवी, आणि वाड्यावरून येणाऱ्याला आबा कानात सांगून पाठवायचे. आठवतं का, एकदा तो माणूस कडुबाकाकाच होता? फुगलेला, ओट्यावर पाठ करून बसलेला. मायनं त्यालाही खूण विचारली, आणि त्या तापट माणसानं एका शब्दानं न कुरकुरता सांगितली, दाणे घेतले आणि गेला. हाकेला कोण म्हणून विचारल्याचा त्याला राग आला होता, पण खूण मागितल्याचा कधी आला नाही. तो कुणालाच यायचा नाही. खूण मागणारी बाई घर राखते, हे सगळ्या वाड्यांना ठाऊक होतं. एका साली तर खुद्द आबा परत आले, दाढी वाढलेली, अंगावर धुरळा, आणि मायनं दारात अडवून त्यांनाच विचारली. आबा किती हसले होते.

तेव्हा तू मला खूण विचारायची. ती विचारलीस म्हणून मी परका होत नाही. उलट ज्या दिवशी विचारणार नाहीस त्या दिवशी मी कडुबाकाका होईन आणि दिवाळीपर्यंत जेवायला येणार नाही.

खूण अशी. वसतिगृहात मला पहिल्यांदा सोडलं तेव्हा माझ्या पेटीत तू कपड्यांखाली काय लपवलं होतंस? हे तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. आपल्यात एक मेंढी होती, ती कधी ओरडायची नाही म्हणून तिला मुकी म्हणायचे, आणि हरवू नये म्हणून आबांनी फक्त तिच्या गळ्यात घंटी बांधली होती. ती मेली तेव्हा घंटी तू ठेवून घेतलीस आणि मी रडू नये म्हणून माझ्या पेटीत घातलीस. संध्याकाळच्या प्रार्थनेला मी पेटी हलवली आणि ती वाजली. अधीक्षकांनी सगळ्या पोरांच्या पेट्या उपसल्या, मी ती पायजम्याच्या नाडीत खोवून उभा राहिलो. अजून माझ्याजवळ आहे. तर मी फोन करीन, तू विचारशील की पेटीत काय होतं, आणि मी सांगेन, मुकीची घंटी. खूण पत्रात लिहायची नसते, नियम मोडतोय. वाचून झालं की जाळून टाक.

आता एक गोष्ट राहिली आणि ती सांगायला मला जड जातंय. चोर खोटंच बोलला, पण त्याचा नेम जवळ लागला. जिना चढताना मला दम लागतो. सोनियाच्या हट्टानं तुमच्याकडच्या शहरातल्या डॉक्टरांना दाखवलं, हृदयाच्या नळ्या तुंबल्यात म्हणतात. दिवाळी झाली की ऑपरेशन. भिण्यासारखं नाही, रोज होतात. पण आत नेतील त्याच्या आधी मला तुझ्याशी बोलायचंय. पत्र तेव्हा उपयोगाचं नाही. म्हणून फोन ज्वारीतून काढ.

कळावे. पूर्वी घंटी दिली होतीस, आता आवाज दे.

तुझा,
पुंडलिक


बजाजनगर,
२० सप्टेंबर २०२५

चि. पुंडलिक यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र जाळलं नाही. जाळवलं नाही. पण घंटीचा भाग कात्रीनं कापून तेवढा जाळला, तेव्हा नियम राहिला.

फोन काढला. ज्वारीचं पीठ त्याच्या भोकात गेलं होतं, प्रांजलीनं सुईनं काढलं. मग तुझा पहिला फोन आला. मी विचारलं, तू सांगितलंस, आणि मग आपण दोघंही किती वेळ काहीच बोललो नाही. हनुमान म्हणाला, मामाचे पैसे उगाच चाललेत, काहीतरी बोल. त्याला काय कळतंय.

परवा एक फोन आला, वीजबिल भरलं नाही, आज लाइट जाणार. मी म्हटलं, बाबा, आधी खूण सांग. तो म्हणाला, कसली खूण? मी म्हटलं, आमच्याकडं खुणेशिवाय दाणे देत नाहीत. त्यानंच फोन ठेवला. लाइट अजून आहे. प्रांजली ही गोष्ट सगळ्या कॉलनीत सांगत फिरते, आणि शेजारची संस्कृतीची आई आता तिच्या नवऱ्यालाही खूण विचारते.

तुझ्या छातीचं वाचल्यापासून मी देवाजवळ दिवा लावते. इकडं येशील तेव्हा पिशवीत ती घंटी ठेव. हसू नको. तेव्हा पेटीत ठेवली होती, आता पिशवीत ठेव, एवढं माझं ऐक. सोनिया एकटी काय काय बघणार, तुझा लेक तर ट्रक घेऊन कायम गुजरातेत. शहरात आलात की पहिला फोन मला. हनुमानचा फोन कामावर असताना लॉकरमध्ये असतो, प्रांजलीचा वर्गात बंद. मी घरीच असते आणि आता उचलतेही.

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. भिजू नको. जीव लावलाय तो तसाच राहू दे.

तुझी,
अक्का


सोयगाव,
२ नोव्हेंबर २०२५

ती. अक्का,
सा. न. वि. वि.

हात अजून कापतो, या वेळी माझीच अक्षरं चरायला गेली आहेत. दवाखान्यात ऑपरेशन झाल्यावर तू आठ दिवस उशाशी होतीस, पण डॉक्टर मला बोलू देत नव्हते आणि तू मला बोलू देत नव्हतीस. म्हणून जे राहिलं ते लिहितो.

दिवाळीपर्यंत थांबायचं माझ्या छातीनं ऐकलं नाही. सकाळी गोठ्यातलं शेणकूर करून सोनिया आत आली तर मी ओसरीवर पडलेलो. ॲम्ब्युलन्स सिल्लोडवरून शहरात आली, त्या गडबडीत तिचा फोन घरीच चुलीपाशी राहिला, माझाही घरीच. माझ्या नाकातोंडावर मास्क, घशातून शब्द फुटत नव्हता. त्या मोठ्या दवाखान्यात पोरगी एकटी, हा कागद भरा, तिकडं सही करा, ओळखीचं कुणी नाही. माझ्या पिशवीच्या आत तुझा नंबर लिहिलेला होता. शेजारच्या पेशंटच्या माणसाचा फोन मागून तिनं तुला लावला.

ती रडत सांगत होती की आत्याबाई, मामंजींना आणलंय, लगेच या. आणि तू तिला विचारलंस, पेटीत काय होतं?

तिला काय ठाऊक. ती म्हणाली, कुठली पेटी, आत्याबाई, मी सोनिया बोलतेय. तू म्हणालीस की नावाला तर तो चोर पण व्हय म्हणाला होता, आणि फोन ठेवलास. तिनं माझ्याकडं पाहिलं ते मला जन्मभर दिसेल. अनोळखी नंबर, रडणारा आवाज, दवाखाना, लगेच या. तू एकही गोष्ट चुकीची केली नाहीस. चूक माझी, खूण मी माझ्यापुरतीच ठेवली. मायसारखी सगळ्या घराची ठेवायला हवी होती.

मी हातानं पिशवी दाखवली. ती औषधं काढायची, पाणी काढायची, मी मान हलवायचो. शेवटी घंटी निघाली. मी बोटानं फोन दाखवला. पुढचं तुला माहीत आहे. तिकडं तू काय ऐकलंस ते मात्र मला माहीत नाही. सोनिया म्हणते, तू फक्त दोन शब्द बोललीस.

घंटी पिशवीत सापडत नाही. सिस्टरबाईंनी ठेवून घेतली की काय कोण जाणे. चौकशी कर. जीव वाचला त्यात तुझा वाटा आहे, त्याचे आभार मानले तर तू मारशील, म्हणून मानत नाही.

माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
पुंडलिक


बजाजनगर,
१० नोव्हेंबर २०२५

चि. पुंडलिक यास,
अ. उ. आ.

हात कापत असताना एवढं लांबलचक लिहायला कुणी सांगितलं होतं? सोनियाला सांग, त्याच्या हातून पेन काढून घे.

काय ऐकलं ते सांगते. पहिला फोन ठेवला आणि मी तशीच उभी राहिले. आवाज सोनियाचा होता. मला वाटत होतं की तिचाच आहे. पण मला तर तेव्हाही वाटलंच होतं ना. मनात म्हटलं, वच्छले, कानाचं ऐकायचं नाही. तुझ्या फोनवर लावला, तो नुसता वाजत राहिला. सोनियाचा लावला, तोही तसाच. म्हणजे घरात कुणी नाही. तेवढ्यात तोच अनोळखी नंबर परत आला.

उचलला आणि मी काहीच बोलले नाही. तिकडूनही कुणी बोललं नाही. कसलं तरी यंत्र पी पी करत होतं. मग घंटी वाजली. एकदा वाजली आणि थांबली. मग परत, सावकाश. संध्याकाळी सगळा कळप पुढं निघून आल्यावर मुकी मागून एकटी यायची, दोन पावलं चालायची आणि थांबायची, तशी. मी वाड्याच्या तोंडाशी तिच्यासाठी उभी राहायची आणि आबा म्हणायचे, आली बघ तुझी. पुंडलिक, मी त्या स्वयंपाकघरात उभी राहून पहिल्यांदा इतक्या मोठ्यानं रडले की संस्कृतीची आई धावत आली. तुझा आवाज हरवला होता तो सापडला, एवढंच मला कळत होतं. मी म्हणाले, आले रे. मग सोनियाकडून दवाखान्याचं नाव घेतलं आणि रिक्षात बसले. चुलीवरचं दूध उतू गेलं ते संध्याकाळी हनुमाननं पुसलं.

घंटी माझ्याकडं आहे. सिस्टरबाईंवर संशय घेऊ नको. तू झोपेतही ती वाजवायला लागलास तेव्हा त्या वैतागल्या, म्हणून मी उचलून पदराला बांधून आणली. आता काही तुला टपालानं पाठवणार नाही. पाहिजे तर येऊन घे.

आणि तसंही यायलाच पाहिजे तुला. ही खूण आता संपली. वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटला ठाऊक झाली, सिस्टरला झाली, फोन देणाऱ्या त्या भल्या माणसाला झाली, आणि रिक्षावाल्याला मीच रडत रडत सगळी सांगितली. नवी ठरवली पाहिजे, आणि या वेळी सोनियाची, हनुमानची, प्रांजलीची, सगळ्या घराची. पत्रात लिहायची नाही, फोनवर सांगायची नाही. आबांचा नियम आहे, समोरासमोर बसायचं. डॉक्टरनं प्रवासाला हो म्हटलं की सोनियाला घेऊन ये. माय झाकून ठेवायची तशी पुरणाची पोळी झाकून ठेवते.

तोवर तुझा फोन आला तर मी नाव घेणार नाही, आणि खूणही विचारणार नाही, कारण आपल्याला सध्या खूणच नाही. नुसती ऐकत राहीन. तू पण फार बोलू नको, दम लागेल. लोभ कर आणि लवकर ये.

तुझी,
वच्छलाअक्का